डिझेल इंजिन चढवलेली जुनी जीप सकाळी लागत नाही? पंप उतरवण्याआधी हे तपासा

"काल संध्याकाळी अर्ध्या सेल्फला लागली. आज सकाळी बॅटरी उतरेपर्यंत फिरवली, पण पकडतच नाही." पेट्रोलच्या जुन्या जीपवर डिझेल इंजिन चढवलेला माणूस गाडी ओढून आणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच सांगतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "पंप दोनदा करून आणला, तरी तेच." पंप म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप. या एकाच दुखण्याच्या गाड्या मी इतक्या वेळा सोडवल्या आहेत की आता बॉनेट उघडण्याआधी मी गाडीखाली शिरतो.

लक्षणं

तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का, ते आधी पाहा.

- रात्रभर किंवा दोन दिवस उभी राहिली की लागत नाही. दिवसभर मात्र कितीही वेळा बंद करा, लगेच लागते.
- डिझेल फिल्टरवरचा हॅन्डपंप वीस-पंचवीस वेळा मारला की लागते. लागल्यावर अर्धा मिनिट आचके देते, आयडलिंग वर-खाली होतं, मग जणू काही झालंच नव्हतं.
- टाकी फुल्ल असेल तेव्हा त्रास नाही. पाव टाकीवर आली की सुरू.
- गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली तर हमखास अडते. तोंड उताराकडे असेल तर लागते.
- घाटात लांब चढावर दम सोडते, सपाटीला आली की पुन्हा ठीक.

यातली तीन लक्षणं जुळली तर गाडी एअर घेते आहे, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरते आहे, असं समजून पुढे चला. चढ-उताराच्या लक्षणाला मी सगळ्यांत जास्त मान देतो. गगनबावडा, राधानगरी या भागातून येणाऱ्या गाडीवाल्यांना ते स्वतःच लक्षात आलेलं असतं. "आम्ही रोज उतारालाच लावतो," असं ते सहज बोलून जातात आणि अर्धं निदान तिथेच होतं. तोंड उताराकडे असलं की टाकी पंपाच्या मानाने वर जाते, डिझेल पंपाकडे टेकून राहतं. तोंड वर केलं की तेच डिझेल रात्रभर टाकीकडे परत सरकतं, आणि त्याच्या जागी कुठून तरी हवा आत येते. ते "कुठून तरी" शोधणं एवढंच काम आहे.

आणखी एक खूण सेल्फ मारतानाच पाहून घ्या. दुसऱ्या माणसाला सायलेन्सरच्या तोंडाशी उभं करा. इंजिन जोरात फिरतंय आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलंच नाही. पांढरा धूर येतोय पण पेट घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतंय आणि जळत नाही, म्हणजे वाट हीटर प्लगकडे (सुरू करताना सिलिंडरमधली हवा तापवणारे प्लग) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) जाते. इंजिन रडत रडत फिरत असेल तर आधी बॅटरी आणि वायर. या तीन वाटा वेगळ्या आहेत. त्या न ओळखता पंप उतरवला की पैसे गेलेच.

हे इंजिन बदललेल्या गाडीतच का होतं

मूळ सीजे-३बी जीपमध्ये २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. त्याच्या जागी आपल्याकडे बसणाऱ्या इंजिनांपैकी एक म्हणजे महिंद्राच्या ५४० जीपमधलं प्यूजो एक्सडीपी ४.९०. नावातच त्याची कुंडली आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक धरला की २११२ सीसी होतात. कोणी २५२३ सीसीचं डीआय इंजिन चढवतं. फिटर माउंटिंग, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स यांवर आठ-आठ दिवस मेहनत घेतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी मात्र शेवटच्या दुपारी जोडली जाते, आणि ती बहुधा जुनीच असते.

पेट्रोलच्या काळात त्या नळीत बारीक गळती असली तरी कळत नव्हतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल साठलेलं असतं आणि ती वाटी वरून हवेला उघडी असते. नळीतून चार बुडबुडे आले तर वाटीतून निघून जातात, इंजिनाला पत्ताही लागत नाही. डिझेलचा पंप हे माफ करत नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल उघडायला शंभर बारच्या वर दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून दाब नोझलपर्यंत पोचतो. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी आकसते, आणि नोझल बंदच राहतो. म्हणजे तीस वर्षं जी गळती गाडीत निवांत होती, तीच इंजिन बदलल्यावर उघडी पडते. पंपाचा यात दोष नाही.

बाहेर एक थेंबही दिसत नाही, मग गळती कशी, असं लोक विचारतात. रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारा पंप) बऱ्याच गाड्यांत टाकीकडून ढकलणारा वेगळा पंप नसतो, रोटरी पंप स्वतःच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या सगळ्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. अशा ठिकाणी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. अर्धा मीटर उंच डिझेल तोलून धरायला ०.०४ बार एवढीच ओढ पुरते. हवा डिझेलपेक्षा शंभरपट तरी पातळ, त्यामुळे ज्या भेगेतून डिझेलचा थेंब कधी झिरपणार नाही, तिथून हवा रात्रभरात आरामात शिरते.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणाला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. चिखलाने, रंगाने ते बुजतं, किंवा कोणी तरी दुसऱ्याच गाडीचं बंद झाकण लावलेलं असतं. डिझेल कमी होत जातं तशी टाकीत ओढ तयार होते आणि वीस-तीस किलोमीटरवर गाडी दम सोडते. झाकण सैल करून तेवढंच अंतर चालवा. झाकण उघडताना सुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर काम संपलं. घाटात दम सोडणाऱ्या गाडीला मी पंपाच्या दुकानाचा पत्ता देण्याआधी झाकण सैल करायला लावतो.

दुसरी, उभं करण्याची. एक रात्र तोंड चढाकडे, एक रात्र उताराकडे, डिझेलची पातळी तीच ठेवून. दोन्ही सकाळी फरक पडला नाही तर एअरचा संशय कमी होतो आणि विजेकडे वळायचं. फरक पडला तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. दोन रात्री जातील, पण पैसा लागत नाही, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला आधार मिळतो.

तिसरी, हात आणि डोळे. टाकीपासून फिल्टरपर्यंत नळीवर कोरडं फडकं फिरवा. रबरी नळी बोटांनी वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती नळी गेली. क्लिप पाहा. मोठ्या मापाची स्क्रूवाली क्लिप ८ मिलिमीटरच्या नळीवर पूर्ण आवळली की गोल राहत नाही, स्क्रूपाशी एक बारीक फट सोडते. क्लिप घट्ट आहे म्हणून माणूस पुढे जातो आणि हवा तिथूनच येत असते. इंधनाच्या नळीसाठी लहान मापाची, चहूबाजूंनी सारखी आवळणारी क्लिप मिळते, तीच लावा. लोखंडी नळीच्या टोकाला गंजाचे खड्डे असतील तर कितीही चांगली क्लिप लावून उपयोग नाही. ते टोक कापून मागे घ्या.

वीज: मल्टिमीटर असेल तर अर्ध्या तासाचं काम

हे मी नळी सोडण्याआधी करतो, कारण इंजिन बदलताना विजेचे तीन ठराविक घोटाळे होतात आणि तिन्ही स्वस्तात सुटतात.

पहिला अर्थिंगचा. नवं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. इंजिन ते चेसिस जाड अर्थ पट्टी जोडायची राहून जाते, आणि सेल्फचा सगळा करंट क्लच केबल, अॅक्सिलरेटरची वायर, जे सापडेल तिथून परत जातो. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी नाही किंवा गंजली आहे. पेट्रोल इंजिनाची जुनी बॅटरी आणि बारीक केबल डिझेलला पुरत नाही हेही लक्षात घ्या. एक्सडीपीसारख्या इंजिनाचं कॉम्प्रेशन २२ च्या आसपास आहे, त्याला फिरवायला जोर लागतो. हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही.

दुसरा हीटर प्लगचा. चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. तो जर डॅशबोर्डवरच्या जुन्या इग्निशन स्विचमधून थेट नेला असेल तर स्विच तापतो आणि प्लगला पुरेसं पोचत नाही. मध्ये रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) हवा, जाड वायर हवी. प्लग तपासायला वरची पट्टी काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक बल्ब घेऊन प्रत्येक प्लगच्या टोकाला टेकवा. ज्याला बल्ब लागत नाही तो मेला. दोन मेले असतील तर थंडीच्या सकाळी पांढरा धूर ठरलेला.

तिसरा घोटाळा पंपावरच्या कटऑफ सोलेनॉइडचा. किल्ली फिरवली की हा डिझेलची वाट उघडतो. इंजिन बदलताना त्याला बहुतेक वेळा जुन्या इग्निशन कॉइलची वायर जोडतात, कारण ती हाताशी असते. ती वायर रेझिस्टरमधून येत असेल तर व्होल्टेज अपुरं. ती अशा टोकावरून आलेली असेल की सेल्फ मारताना करंट तुटतो, तर एक मजेशीर लक्षण दिसतं: सेल्फ मारताना गाडी मुळीच पकडत नाही आणि किल्ली सोडल्या क्षणी एक झटका देते. हे लक्षण दिसलं तर नळीला हातही लावू नका. सोलेनॉइडच्या टोकावर सेल्फ मारताना किती व्होल्ट आहेत ते मोजा. दहाच्या खाली असेल तर बॅटरीपासून रिलेमार्गे नवी वायर ओढा.

एक कळकळीची विनंती. गाडी लागत नाही म्हणून एअर क्लीनरमध्ये इथरचा स्प्रे मारू नका आणि पेटता बोळाही धरू नका. हीटर प्लगच्या इंजिनात इथर वेळेआधी भडकतं. त्यात पिस्टनच्या रिंगा तुटतात, पिस्टनही फुटतो. पन्नास रुपयांच्या नळीचा दोष आणि इंजिनाचं बोअरिंग, असा हिशेब झालेला मी स्वतः पाहिला आहे. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

पारदर्शक नळी आणि पाच लिटरचा कॅन

माझ्या मते या दुखण्यातली सगळ्यांत मोलाची तपासणी हीच. हार्डवेअरच्या दुकानात ८ मिलिमीटर आतला व्यास असलेली पारदर्शक नळी मिळते. हातभर नळीचे दोन तुकडे घ्या. एक पंपाच्या इनलेटच्या (डिझेल आत घेणारं तोंड) अगदी आधी लावा, दुसरा पंपाच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत सोडणारं तोंड). एअर काढून गाडी लावा, इंजिन गरम करा आणि पाहत बसा.

लागल्यानंतर पहिली काही मिनिटं रिटर्नमध्ये तुरळक बुडबुडे येतात, ते सोडून द्या. इनलेटच्या नळीत सतत बुडबुड्यांची माळ दिसत असेल तर हवा पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला शिरते आहे. इनलेट स्वच्छ आणि रिटर्नमध्ये मात्र फेस, तर हवा पंपापाशीच शिरते आहे. आता इंजिन बंद करा, इनलेटच्या नळीवर मार्करने खूण करा आणि झोपायला जा. सकाळी किल्ली फिरवण्याआधी बघा. नळी रिकामी असेल तर डिझेल रात्री परत गेलं. नळी भरलेली आणि तरी गाडी लागत नाही, तर तुमचं दुखणं एअरचं नाही.

ही नळी कायमची ठेवू नका. साधी पारदर्शक नळी डिझेलमध्ये काही आठवड्यांत कडक होते, तडकते, आणि तुम्ही स्वतःच नवी गळती बसवलेली असते.

पुढचा टप्पा कॅनचा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. नवी रबरी नळी कॅनमधून थेट फिल्टरला, आणि रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडा. टाकी आणि तिची नळी आता खेळातून बाहेर. कॅन सायलेन्सरपासून लांब, पक्का बांधा. ही तपासणी उभ्या गाडीवरच करायची, असा कॅन लावून रस्त्यावर जायचं नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. कॅन बॉनेटवर ठेवतात, गाडी सकाळी लगेच लागते, आणि निष्कर्ष काढतात की पंप ठीक, टाकीची नळी खराब. पण कॅन वर असला की डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं. मग फिल्टरला किंवा पंपाला गळती असली तरी हवा आत येत नाही, दोष झाकला जातो. म्हणून एक रात्र कॅन वर ठेवा आणि दुसऱ्या रात्री जमिनीवर. दोन्ही वेळा लागली तर फिल्टर, पंप, नोझल सगळे निर्दोष. वर लागते आणि जमिनीवर अडते, तर गळती फिल्टर ते पंप या हातभर भागात आहे. कॅन वर असताना त्याच भागावर कोरडा कागद फिरवला तर ओल दिसण्याची शक्यता असते, कारण आता दाब आतून बाहेर आहे. दोन्ही वेळा लागत नसेल तर मात्र पुढची पायरी पंप-नोझलची.

मग तीच नवी नळी टाकीच्या तोंडातून थेट डिझेलमध्ये बुडवा आणि पुन्हा एक रात्र जाऊ द्या. रिटर्नही तसाच टाकीत सोडा. आता लागली तर दोषी दोघांपैकी एक: टाकीतला जुना पिकअप पाइप (टाकीतून डिझेल ओढून घेणारा) किंवा चेसिसवरून आलेली जुनी नळी. एवढं कळलं की अंधारात हात मारणं संपतं.

फिल्टर, हॅन्डपंप, वायसर

हातभर भागात दोष आला असेल तर क्रम असा: फिल्टरच्या तळाची रबरी रिंग, फिल्टरवरच्या हॅन्डपंपाच्या दांड्याची रिंग, एअर काढायचा स्क्रू, आणि बँजो बोल्टचे (नळी पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. जुनी रिंग खोबणीतच राहते आणि तिच्यावर नवी बसते, हे फिल्टर बदलताना फार वेळा होतं. हॅन्डपंप रोज मारून मारून त्याचीच रिंग झिजते, म्हणजे ज्याने गाडी लागते तोच रात्री हवा आत घेतो. वायसर प्रत्येक वेळी नवे घ्या. आडगावात नवे मिळाले नाहीत तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तो मऊ होतो आणि पुन्हा बसतो. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका.

रोटरी पंप असेल तर दोन्ही बँजो बोल्ट काढून शेजारी ठेवा. दिसायला सारखे, पण बॉशच्या व्हीई पंपाच्या रिटर्नच्या बोल्टला आत बारीक छिद्र असतं आणि डोक्यावर तशी खूण असते. पंपाच्या आतला दाब त्या छिद्रामुळे टिकतो. इंजिन चढवताना हे दोन बोल्ट अदलाबदल झालेले मला अनेकदा सापडले आहेत. बारीक छिद्राचा बोल्ट इनलेटला गेला की पंप उपाशी राहतो आणि गाडी चढावर दम सोडते. दुरुस्ती पाच मिनिटांची, आणि तीसाठी कोणाकोणाचे पंप दोनदा उघडले गेलेले असतात.

रिटर्नचा प्रश्न

जुन्या पेट्रोल जीपच्या टाकीला रिटर्नची जागाच नाही. कार्बोरेटर लागेल तेवढं पेट्रोल घेतो, परत काही पाठवत नाही. डिझेलचा रोटरी पंप मात्र गरजेपेक्षा पुष्कळ जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत सोडतो, त्यासोबत आत शिरलेली हवा आणि उष्णताही बाहेर जाते. रिटर्न टाकीत नेण्याचं काम टाळण्यासाठी लोक टी (तीन तोंडांचा सांधा) टाकून तो पुन्हा फिल्टरच्या इनलेटला जोडतात. गाडी चालते, म्हणून हे चुकीचं आहे असं कोणाला वाटत नाही. पण मग हवेला बाहेर जायला वाट राहत नाही, ती गोल गोल फिरत राहते, आणि डिझेल तापत जातं. टी दिसला की तो काढायचाच. यावर मी तडजोड करत नाही.

रिटर्न टाकीत नेताना त्याचं टोक तळाजवळपर्यंत बुडवा. वरच्या वर सोडला तर गाडी उभी असताना त्याच वाटेने हवा पंपाकडे परत जाऊ शकते. आणि नोझलवरून जाणाऱ्या बारीक कापडी वेष्टणाच्या नळ्या विसरू नका. त्या शेवटी रिटर्नलाच मिळतात. इंजिन जुन्या गाडीतून काढलेलं असतं, त्या नळ्या तितक्याच जुन्या असतात. शेवटच्या नोझलचं टोपण निघून गेलेलं असतं. सगळ्या नळ्या एकदम बदला, खर्च किरकोळ आहे.

काही जण या सगळ्यावर उपाय म्हणून मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकतात किंवा टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप बसवतात. मला हे पटत नाही. व्हॉल्व्ह गळती बुजवत नाही, फक्त सकाळ थोडी पुढे ढकलतो, आणि त्यात कचरा अडकला की नवं दुखणं. इलेक्ट्रिक पंप नळीतला दाब उलटा करतो. काल जिथून हवा आत येत होती तिथून आज डिझेल बाहेर येतं, आणि खाली तापलेला सायलेन्सर असू शकतो. आधी गळती बंद करा.

टाकी

सीजे-३बी ची टाकी चालकाच्या सीटखाली असते. तिच्यातला पिकअप पाइप वरच्या पत्र्याला झाळलेला असतो. त्या झाळणीपाशी किंवा पाइपच्या वरच्या भागात बारीक भेग पडली, तर टाकी भरलेली असताना भेग डिझेलखाली राहते आणि कळत नाही. पाव टाकीवर ती उघडी पडते. फक्त टाकीतलं डिझेल कमी झाल्यावर त्रास देणाऱ्या गाडीत मी हाच पाइप आधी पाहतो.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाच्या) जिप्सीवर डिझेल इंजिन चढवलं असेल तर टाकीतला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप तसाच पडलेला नाही ना, ते बघा. वीज तोडलेला पंप म्हणजे वाटेतला बोळा. डिझेल त्याच्यातून ओढून घ्यावं लागतं आणि सगळ्या सांध्यांवरची ओढ वाढते. तो काढून सरळ पिकअप पाइप बसवावा लागतो.

इथे थांबा आणि नीट वाचा. पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग किंवा झाळणी घरी किंवा साध्या वेल्डरकडे करायची नाही. टाकी रिकामी दिसते, वर्षभर डिझेल भरलेलं असतं, तरी सांध्यांत आणि गंजाखाली पेट्रोलची वाफ दडलेली असते, आणि डिझेलची वाफही तापल्यावर पेट घेते. हे काम टाक्या उकळून, वाफेने धुऊन झाळणाऱ्या माणसाचंच आहे. मी स्वतः टाकीला आगच लावत नाही. फ्लोटची (टाकीतली पातळी दाखवणारा तरंगता भाग) प्लेट स्क्रू काढून बाहेर घेतो, तिला टाकीपासून लांब नेऊन भोकं पाडतो, आणि नट-वायसरने आवळायच्या जोडण्यांवर पिकअप आणि रिटर्न दोन्ही त्याच प्लेटवर बसवतो. गंजाचा लगदा दिसला तर टाकी बदललेली बरी. जस्ताच्या मुलाम्याची नळी आणि फिटिंग मात्र वापरू नका, डिझेलची जस्ताशी क्रिया होऊन चिकट साका तयार होतो.

इथून पुढे जाणकाराकडे

कॅन जमिनीवर, नळ्या नव्या, वायसर नवे, कटऑफला पूर्ण व्होल्टेज, आणि तरी इनलेट स्वच्छ असून रिटर्नमध्ये फेस येतोय, तर आता पंपाच्या शाफ्टची सील किंवा हेडची रिंग. पंप उघडणं हे टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याचं काम आहे. आतले भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत बसवलेले असतात आणि टायमिंग हललं तर दुसराच त्रास मागे लागतो. त्याला देताना "पंप करा" एवढंच सांगू नका. तुम्ही कुठल्या तपासण्या केल्या, कॅन वर आणि खाली असताना काय झालं, ते सांगा.

इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, तर त्या क्षणी गाडी बंद. गिअरवर चालणाऱ्या पंपाची सील गेली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. ओढूनच न्या. पांढरा धूर येतोय, हीटर प्लग चांगले आहेत आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचा वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा लावू नका.

एअर काढताना नोझलचे नट सैल करत असाल तर चेहरा लांब ठेवा आणि गळतंय का ते बोटाने चाचपू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. तसं झालं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

काम झालं असं वाटलं की मी मालकाला लगेच गाडी देत नाही. टाकी पाव ठेवतो, तोंड चढाकडे करून लावतो, हॅन्डपंपाला कोणी हात लावू नये म्हणून त्यावर चिंधी बांधतो. तीन रात्री जाऊ देतो. चौथ्या सकाळी हीटर दहा-पंधरा सेकंद दिला आणि पहिल्याच सेल्फला आचका न देता लागली, तरच चिंधी सोडतो.